सोळा दगड

आमच्याकडे माणूस दगडांत मोजतात.
चौदा पौंडांचा एक दगड.
लिव्हरपूलच्या स्टेडियममागच्या खोलीत
मोजे काढून, गळ्यातला क्रूस काढून
मॅलकी टूही सोळा दगड भरला,
आणि काट्यावरचा माणूस न बघताच म्हणाला,
समोरचा अठराचा आहे.

मी बादली धरायचो.
बादली, स्पंज, व्हॅसलीनची डबी,
आणि प्रत्येक फेरीनंतर कानात सांगायचं एक खोटं:
थकलाय तो, मॅलकी. बघ, तोंडाने श्वास घेतोय.
चौदा वर्षं तेच खोटं.
त्यालाही ठाऊक होतं. तरी मान हलवायचा,
जणू आत्ताच टपालाने बातमी आली.

त्याआधी तो बापाबरोबर दलदलीत काळी माती कापायचा,
विटा पाडून, वाळवून, चुलीत घालायला.
उजवा खांदा तिथला.
फादर क्वर्कने विचारलं होतं, मारामारी येते का रे?
नाही फादर, पण उभं राहता येतं.

सुरुवातीला जिंकलाही. नऊ वेळा, ओळीने.
एक पोस्टमन, गोदीतले दोघे भाऊ,
डब्लिनचा एक खाटीक, ज्याच्या हातमोज्यांनाही
चरबीचा वास यायचा.
पेपरात फोटो आला, नाव चुकीचं छापलेलं.
त्याच्या आईने तो तसाच चौकटीत लावला.

मग बेलफास्ट. आठवी फेरी.
डावी भुवई मासा चिरावा तशी उघडली
आणि पुन्हा नीट मिटलीच नाही,
पुढची सगळी वर्षं.

त्यानंतर तो भाड्याची भिंत झाला.
होतकरू पोरं वर यायची असली
की तार यायची: दहा फेऱ्या, बोटीचं भाडं वेगळं.
मँचेस्टर, गोथेनबर्ग, पुन्हा मँचेस्टर.
पडायचा, पण आठावर उठायचा.
आठाच्या पुढचे आकडे, म्हणायचा,
मला शाळेतही कधी आले नाहीत.
हरायचा तो गुणांवर.
पाठ टेकून नाही.

किलरशच्या वरच्या रस्त्याला त्याच्या बहिणीचं, नुआलाचं घर आहे.
छपरावर गोथेनबर्गची कौलं.
धुराडं मँचेस्टरचं, दुसऱ्या खेपेचं.
न्हाणीघर व्हायचं होतं हॅम्बर्गमधून,
पण हॅम्बर्गला तो चुकून जिंकला.

तिसरी फेरी. पोरगं विशीतलं, केस तेल लावून बसवलेले,
हात खाली ठेवून नाचत होतं.
मॅलकीचा उजवा आपोआप गेला,
फावडं जातं तसा.
सभागृहात कुणीतरी खोकलं, तेवढाच आवाज.
मोजणी संपायच्या आत हाच गुडघ्यावर बसलेला,
पोराच्या तोंडातलं रबर बोटाने काढत,
मला ओरडून म्हणतोय, डिनी, पाणी आण, पाणी!

पैसे अर्धेच मिळाले.
तार पुन्हा आली नाही.

पुढे गुरांच्या बाजारात काट्यावर होता.
कालवड नुसती बघून वजन सांगायचा,
पाच पौंड इकडे तिकडे.
माणसांची नावं मात्र विसरायला लागला.
आधी गिऱ्हाइकांची, मग भाच्यांची.
मला दोन वर्षं तो पोस्टमन समजत होता
आणि दर भेटीत माफी मागायचा.

शेवटच्या फेब्रुवारीत एनिसच्या इस्पितळात
नर्सने तक्त्यावर लिहिलं: नऊ दगड, चार पौंड.
मी खुर्ची जवळ ओढली.
काय बोलावं सुचेना, म्हणून जुनंच बोललो:
थकलाय तो, मॅलकी.
तोंडाने श्वास घेतोय.

त्याने तो न मिटणारा डोळा माझ्याकडे वळवला.
डिनी, म्हणाला, अगदी स्वच्छ,
तुला खोटं कधी बोलता आलंच नाही.

बादली आहे अजून.
कोंबड्यांना पाणी ठेवतो तिच्यात.